छर्रे तोलायचा मिलिग्रॅम काटा: वापर आणि निगा

माझी मुलगी बालेवाडीला 10 मीटर एअर रायफल खेळते. सामन्यात 60 शॉट, आणि दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. छर्‍यांची वजनं कमीजास्त असली की नेम सरकू शकतो, म्हणून सामन्याचे छर्रे आम्ही घरी तोलून वजनाच्या गटांप्रमाणे वेगळे काढतो.

काटा 0.001 ग्रॅम दाखवणारा घ्या. छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा, 0.01 ग्रॅमच्या काट्यावर एक आकडा बदलला की जवळजवळ दोन टक्के फरक. तो काटा इथे कामाचा नाही.

जागा आधी ठरवा. टेबल हलतं, म्हणून आम्ही काटा सरळ शहाबादी फरशीवर ठेवतो. स्वयंपाकाचा ओटा सपाट असतो खरा, पण छर्रे शिशाचे, तिथे नकोच. पंखा बंद, खिडकी बंद. पहिल्यांदा मी पंख्याखाली बसून 500 छर्‍यांचा अख्खा डबा वेगळा केला. दुसऱ्या दिवशी तेच छर्रे तोलले, तर निम्मे भलत्याच गटात! दोन संध्याकाळी वाया गेल्या.

काटा सुरू करून अर्धा तास तसाच राहू द्या. आतली धातूची पट्टी वजनाने किंचित वाकते आणि त्यावरून आकडा निघतो. धातू गार-गरम झाला की आकडाही सरकतो. मग काट्यासोबत आलेलं वजन ठेवून कॅलिब्रेशन करा, म्हणजे काटा त्या वजनाशी जुळवून घ्या. वजन चिमट्यानेच उचला, बोटांचं तेल लागलं की तेही तोललं जातं.

आता छर्रे. छर्‍याचा मागचा पोकळ घेर चेपलेला असेल तर न तोलताच बाजूला टाका. शिसं मऊ असतं, त्यामुळे चिमटा प्लास्टिकचा. छर्रा ताटलीच्या मधोमध ठेवा, आकडा थांबला की वाचा. दर वीस छर्‍यांनंतर ताटली रिकामी करून शून्य येतं का बघा आणि खूण करून ठेवलेला एक छर्रा पुन्हा तोला. त्यात 2 मिलिग्रॅमहून जास्त फरक आला, तर मागचे वीस परत तोलायचे. कंटाळा येतो, पण हे टाळू नका.

ताटली मऊ ब्रशने झाडा, फुंकर मारू नका. बोटाने दाबून तर कधीच बघू नका. क्षमतेपेक्षा जास्त भार आला की पट्टी कायमची बिघडते. पावसाळ्यात काट्याच्या डब्यात ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवा. थंडीत हवा कोरडी असते, प्लास्टिकच्या डब्यात स्थिर वीज साचते आणि आकडा उगाच हलतो. डबा ओलसर फडक्याने पुसला की थांबतो. काही दिवस वापर नसेल तर सेल काढून ठेवा.

शेवटी डबीवर वजनाचा गट आणि तारीख लिहा, खाली अंथरलेला कागद टाकून द्या आणि साबणाने हात धुवा. मुलांचे आधी.