नाणी आणि टपाल तिकिटे: संग्राहकाने आपली शब्दवही कशी तयार करावी

नवख्या संग्राहकाची पहिली फजिती बहुधा ‘मिंट’ या शब्दापाशी होते. नाण्यांच्या व्यवहारात मिंट म्हणजे टांकसाळ. तिकिटांच्या व्यवहारात मात्र टपालात न वापरलेले, मागचा मूळ गोंद शाबूत असलेले तिकीट म्हणजे मिंट. ‘प्रूफ’चेही तसेच आहे. चकचकीत घासलेल्या खास ठशांनी, विशेष काळजी घेऊन पाडलेले नाणे म्हणजे प्रूफ, तर तिकिटांच्या बाबतीत छपाईपूर्वी तपासणीसाठी काढलेली प्रत म्हणजे प्रूफ. म्हणून शब्दवही करायला बसताना वहीचे दोन भाग पाडावेत, दोन्हीकडे येणारे शब्द दोन्ही भागांत स्वतंत्रपणे लिहावेत, आणि वस्तू हातात घेऊन पाहिल्याशिवाय कोणताही शब्द वहीत उतरवू नये. शब्दकोशातून उतरवलेली यादी फार दिवस लक्षात राहत नाही, हा माझा अनुभव आहे.

नाण्यांची सुरुवात खिशातल्या सुट्ट्या पैशांपासून करावी. आपण ‘छापा-काटा’ म्हणतो. नोंदवहीत मात्र ‘पुढची बाजू’ आणि ‘मागची बाजू’ असे लिहावे. भारतीय प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर सिंहमुद्रा असते ती पुढची बाजू. दोन्ही बाजूंच्या मधली तिसरी बाजू, म्हणजे कड, नवखे लोक हमखास विसरतात. कड गुळगुळीत आहे की दातेरी, हे लिहिलेच पाहिजे. चांदीच्या नाण्याची कड कातरून चांदी काढून घेण्याच्या लबाडीला आळा बसावा म्हणून दातेरी कडेची पद्धत रुजली, आणि म्हणूनच जुन्या रुपयाच्या कडेवरचे दाते एखाद्या ठिकाणी बुजलेले दिसले तर शंका घ्यावी. नाणे उभ्या अक्षाभोवती फिरवून पाहावे. आजच्या रुपयाची मागची बाजू तेव्हा सुलट दिसते; ती तिरपी दिसली तर टांकसाळीत ठसा फिरला आहे असे समजावे आणि तसे नोंदवावे.

यानंतर सालाखालची टांकसाळखूण पाहावी. मुंबईची खूण हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाची टिंब, आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. वहीत ‘खूण नाही’ असे स्पष्ट लिहावे, रकाना रिकामा सोडू नये; रिकाम्या रकान्यावरून खूण नव्हती की पाहायची राहिली, ते वर्षभराने आपल्यालाच कळत नाही. सालाच्या बाबतीत ‘गोठवलेले साल’ ही संज्ञा शिकून ठेवावी. व्हिक्टोरिया राणीच्या ज्या रुपयांवर १८६२ हे साल आहे ते १८७४ पर्यंत त्याच सालाने पाडले जात होते, आणि मुंबईच्या टांकसाळीत प्रत्यक्ष वर्ष ओळखण्यासाठी नक्षीत बारीक टिंबे घातली जात. भिंग घेऊन ती टिंबे मोजण्याइतकी मजा या छंदात क्वचितच दुसऱ्या कशात असेल.

धातूचा रकाना अंदाजाने भरू नये. चांदीचा जुना रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा असे. १९४० पासून त्यातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. हा शेवटचा रुपया लोहचुंबकाला चिकटतो, त्यामुळे चाचणी सोपी आहे.

मराठी संग्राहकाला एक लाभ आयता मिळालेला आहे, तो असा की निम्मी परिभाषा घरातल्या बोलण्यात मुरलेली असते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणून ‘पै-पैचा हिशेब’ आणि ‘सोळा आणे खरे’. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. १९४३ ते १९४७ या काळातला भोकाचा पैसा आजही अनेक घरांत सापडतो. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये बाजारात एकत्र फिरत तेव्हा सराफ एका रुपयाच्या बदल्यात दुसरा देताना जी वजावट करीत तिला ‘बट्टा’ म्हणत. नावाला बट्टा लागतो तो इथूनच. पेशवाईतला पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडचा चांदवडी, निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा यंत्रावर पाडलेला कलदार ही नावे वहीत जशीच्या तशी ठेवावीत, त्यांची भाषांतरे करू नयेत. मात्र अंकुशी रुपयावर मराठी मजकूर शोधू नये. त्यावर फारसी लेख आहे आणि तो मोगल बादशहाच्या नावाचा आहे. याउलट तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे असतात, परंतु शिवराई पुढे दीर्घकाळ अनेक ठिकाणी पाडली गेल्यामुळे अक्षरांची वळणे आणि मांडणी यांत पुष्कळ फरक आढळतो. म्हणून अक्षरे जशी दिसतात तशीच, तुटलेल्या रेषांसह, वहीत काढून ठेवावीत. नाशिक जिल्ह्यात अंजनेरी येथे नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे आणि मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणे-संग्रहालय आहे. अशा ठिकाणी नाण्यांखालच्या पाट्या कशा लिहिल्या आहेत ते नीट पाहावे, कारण चांगल्या नोंदीचा नमुना म्हणजे चांगली पाटी.

आता तिकिटांकडे वळू. येथे मूळ शब्द चार: कागद, गोंद, दाते आणि जलचिन्ह. दाते मोजताना दोन सेंटिमीटर अंतरात किती छिद्रे बसतात ते मोजतात. ‘१३’ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ तेवढाच. १८५२ साली सर बार्टल फ्रिअर यांनी सिंध प्रांतात काढलेली ‘सिंदे डाक’ तिकिटे आणि १८५४ ची पहिली अखिल भारतीय तिकिटे यांना दाते नव्हतेच; ती कात्रीने कापावी लागत. अशा बिनदाती तिकिटाभोवती किती कोरा कागद उरला आहे, यावर त्याची प्रत ठरते, म्हणून ‘समास’ हा शब्द तेथे महत्त्वाचा. जलचिन्ह कागद तयार होतानाच त्यात उमटते. १८६५ च्या भारतीय तिकिटांत हत्तीचे मस्तक आणि पुढे चांदणी आढळते. तिकीट काळ्या पृष्ठभागावर पालथे ठेवले तरी ते पुष्कळदा दिसते.

गोंदाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण मी येथेच फसलो आहे. ‘न वापरलेले’, ‘मूळ गोंद असलेले’ आणि ‘कधीही बिजागरी न लावलेले’ या तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत आणि त्यांच्या किमतींत मोठा फरक पडतो. पूर्वी तिकीट वहीत बसवण्यासाठी मागे कागदाची छोटी घडी चिकटवीत, तिलाच बिजागरी किंवा सरळ ‘हिंज’ म्हणतात. ती काढली तरी गोंदावर तिचा डाग राहतो. मी एकदा एका विक्रेत्याकडून मूळ गोंदाचे म्हणून घेतलेले तिकीट घरी भिंगाखाली पाहिले, तेव्हा गोंद दात्यांच्या टोकांपर्यंत ओघळून कडक झालेला दिसला. तो नंतर लावलेला होता. तेव्हापासून मी दात्यांची टोके आधी पाहतो.

वापरलेल्या तिकिटावर टपालाचा शिक्का असतो, आणि तो गाव व तारीख वाचता येईल असा उमटला असेल तर ती उणीव नसून भर आहे. म्हणून असे तिकीट लिफाफ्यावरून भिजवून सोडवण्यापूर्वी दहादा विचार करावा. संपूर्ण लिफाफ्याला ‘आवरण’ म्हणतात, आणि तिकीट निघाले त्याच दिवशीचा शिक्का असेल तर ‘प्रथम दिवस आवरण’. तिकिटावर मागाहून छापलेला मजकूर म्हणजे ‘उपरिमुद्रण’. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पाच पैशांचा अधिभार बसवला गेला, तेव्हा कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर नाशिकच्या मुद्रणालयात असा मजकूर छापला गेला, आणि पुरवठा अपुरा पडल्याने कित्येक ठिकाणी तो स्थानिक पातळीवरही उमटवला गेला. एकाच तिकिटाचे हे प्रकार शेजारी ठेवले की उपरिमुद्रण हा शब्द निराळा समजावून घ्यावा लागत नाही.

प्रत सांगणारे शब्द दुकानात इंग्रजीच चालतात: यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेले), एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन, अत्युत्तम), व्हीएफ (व्हेरी फाइन, उत्तम). त्यांना मराठी पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये. त्यांच्यासमोर आपण प्रत्यक्ष काय पाहिले ते मराठीत लिहावे, जसे ‘मुकुटावरची नक्षी झिजलेली, अक्षरे पूर्ण’. प्रूफ ही प्रत नव्हे, पाडण्याची पद्धत आहे, हेही लक्षात ठेवावे. तांब्याच्या नाण्यावर काळाने चढलेला थर ‘राप’ म्हणून नोंदवावा आणि तेथेच थांबावे. देवघरातल्या तांब्या-पळीसारखी नाणी चिंचेने लख्ख घासून त्यांची किंमत घालवलेली घरे मी पाहिली आहेत.

वहीचे शेवटचे पान खोट्या वस्तूंच्या नावांसाठी राखावे. राम, सीता किंवा हनुमान आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असा मजकूर असलेली जी जाड नाणी बाजारात मिळतात, ती कंपनीची नाणी नव्हेत. संग्राहक त्यांना ‘मंदिर टोकन’ म्हणतात. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना लाखो रुपये देऊ करणारे संदेशही याच पानावर जातात. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपले नाव वापरून फसवणूक होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिला होता.

प्रत्येक नोंदीच्या शेवटी वस्तू कोठून, कधी आणि केवढ्याला मिळाली ते लिहावे. शंभर वर्षांहून जुने नाणे कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. शेतात नांगरताना नाण्यांचे मडके लागले, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. अशा वस्तूच्या बाबतीत ‘कोठून’ हा रकाना सर्वांत आधी भरावा.