लाइट लागर चाखावी कशी, जोखावी कशी

मायक्रोब्रूअरीतला ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारा, किती पाण्यात आहे ते बघायचं असेल, तर सगळ्यात आधी त्याची लाइट लागर, म्हणजे थंडीत मुरवलेली फिकट बिअर, मागवा. आंब्याची, कॉफीची बिअर नंतर. आयपीए या कडू बिअरमध्ये हॉप्सचा (कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) मारा असतो, काळ्या स्टाउटमध्ये भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा), आणि बारीकसारीक दोष त्याखाली दबून जातात. लाइट लागरमध्ये फिकट माल्ट, थोडे हॉप्स, यीस्ट आणि पाणी, बस. चुकलेलं झाकायला काहीच नाही.

शिवाय ती वेळ मागते. आयपीए-स्टाउट ज्यात मोडतात त्या एलचं यीस्ट १८ ते २२ अंशांवर झपाट्याने काम उरकतं. लागरचं यीस्ट ८ ते १३ अंशांवर सावकाश चालतं आणि त्यानंतरही बिअर शून्याच्या आसपास काही आठवडे मुरवावी लागते. तेवढे दिवस टाकी अडकून पडते. २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रूअरी सुरू झाली, तेव्हापासून पुण्याला ताज्या बिअरची चटक लागली आहे. शनिवारी मुंढवा-कोरेगाव पार्कात गर्दी उसळली की टाकी लवकर रिकामी करायचा मोह होणारच. तो कुणी आवरला आणि कुणी नाही, हे ग्लासात कळतं.

मी डेअरीच्या लॅबमध्ये काम करते. दही-लोण्याचा वास घेऊन बॅच पास-नापास करायची, हे माझं रोजचं काम. तीच शिस्त बिअरलाही लावावी, असं माझं ठाम मत आहे.

जायचं ते आठवड्याच्या मधल्या दिवशी, संध्याकाळी लवकर. शनिवारी रात्री त्या आवाजात आणि तंदूरच्या धुरात नाक चालत नाही. अत्तर लावू नका. मसाला पापड आणि चिली चिकन मागवायचं ते बिअर चाखून झाल्यावरच. तिखटाने जीभ पोळली की लागरचं काहीच हाती लागत नाही. मध्ये तोंड साफ करायला साधं पाणी पुरतं.

फ्रीझरमधला, बर्फाची साय धरलेला मग आला तर परत पाठवा आणि साधा, धुतलेला ग्लास मागा. बिअर ओतल्यावर आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास तेलकट आहे. अशा ग्लासावरून बिअरचा निकाल देऊ नका. स्वच्छ ग्लासात पांढरा फेस टिकतो आणि बिअर खाली जाईल तशी त्याची जाळी काचेवर राहते. रंग फिकट पेंढ्यापासून सोनेरीपर्यंत. मुरलेली लागर नितळ असते, पण मेन्यूवर ‘अनफिल्टर्ड’ लिहिलं असेल तर थोडा गढूळपणा चालतो.

आता वास, कारण निम्मा निकाल इथेच लागतो. ग्लास नाकाशी नेऊन दोन-तीन छोटे श्वास घ्या. ताज्या पावाचा, धान्याचा हलका गोडसर वास आणि मागे जरासा गवताचा, फुलांचा, एवढंच अपेक्षित आहे. काडी ओढल्यावर येतो तसा गंधकाचा पुसट वास लागरला माफ आहे, मिनिटभरात उडतो.

लोण्याचा किंवा बटरवाल्या पॉपकॉर्नचा वास आला, तर तो डायॲसिटिल. विरजणाच्या लोण्याला खमंगपणा देणारा रेणू हाच. लोण्यात तो हवाच, लागरमध्ये दोष. यीस्ट तो तयार करतं आणि पुरेसा वेळ मिळाला की स्वतःच खाऊन टाकतं. त्यासाठी ब्रूअर शेवटी तापमान दोन-तीन दिवस १५-१८ अंशांपर्यंत चढवतात. घाई केली की तो राहतो. कधी तो थंड बिअरमध्ये कळतही नाही, कारण कच्च्या रूपात दडलेला असतो. मग अशी परीक्षा घ्या: दोन छोट्या टेस्टर ग्लासांत तीच लागर घ्या. एकावर बशी झाकून तो वाफाळत्या पाण्याच्या वाडग्यात वीसेक मिनिटं ठेवा. पाणी उकळतं नको, ग्लास तडकेल. फिंगर बोल असेल तर लिंबाची फोड काढायला सांगा. नंतर ग्लास निववून दोन्हींचा वास एकापाठोपाठ घ्या. तापवलेल्यातच लोणी आलं, तर बिअर वेळेआधी काढली आहे. ब्रूअऱ्यांतही याच रीतीने तपासतात, फक्त ६० अंश मोजून.

खडकवासल्याच्या चौपाटीवर उकडलेल्या कणसांच्या पातेल्यावरचं झाकण उघडल्यावर येतो तो वास आला, तर डीएमएस, म्हणजे डायमिथाइल सल्फाइड हे गंधकाचं संयुग. फिकट माल्टमधून तो येतोच. तास-दीड तास खळखळून उकळी दिली की वाफेबरोबर जातो. लागरमध्ये त्याची पुसट छटा मी सोडून देते, पण कणीसच पुढे येत असेल तर नाही. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर अजून कोवळी आहे. भिजलेल्या पुठ्ठ्याचा म्हणजे शिळी. आंबूस, व्हिनेगरसारखा असेल तर नळ-पाइपांच्या सफाईवर शंका घ्या.

घोट मोठा घ्या, जिभेवर फिरवा, गिळा. कडूपणा नेमका असावा आणि पटकन निघून जावा. घशात रेंगाळणारा, सालीसारखा तुरटपणा नको. ही बिअर कुठल्या घराण्यातली तेही विचारा. पिल्सनर (पहिली १८४२ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेनला झाली) जास्त कडू असते. हेलेस, जी म्युनिकच्या श्पाटेन ब्रूअरीने १८९४ मध्ये आणली, माल्टकडे झुकते आणि साधारण पाच टक्के अल्कोहोलची असते. अमेरिकन पद्धतीची लाइट चार टक्क्यांच्या आसपास आणि मुद्दाम हलकी. हेलेस कडू नाही म्हणून तिचे गुण कापणं अन्याय आहे. पण हलकी आणि पाणचट यांत फरक असतो: हलक्या लागरमध्येही गिळल्यावर धान्याची चव क्षणभर मागे राहायला हवी.

अर्धा ग्लास तसाच ठेवून पंधरा मिनिटांनी परत चाखा. थंडीने लपवलेलं सगळं आता वर येतं. या दुसऱ्या घोटाला मी पहिल्यापेक्षा जास्त गुण देते.

मग ब्रूअर मोकळा असेल तर त्याच्याशी बोला. नुसतं ‘बरी नाही’ म्हणू नका, ‘लोण्याचा वास येतोय, किती दिवस मुरवली?’ असं विचारा. कामात जीव असलेला माणूस टाकीची तारीख सांगतो, कधी थेट टाकीतून काढलेला घोटही पुढे करतो. तो मघाच्या ग्लासाशेजारी ठेवून चाखा. टाकीतला स्वच्छ आणि नळाचा आंबूस असेल तर दोष पाइपात आहे, आणि ते त्याला तिथेच सांगा.