नोशनला एआय सहायक जोडताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात बसलो होतो. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्या मुलीनं दोन वर्षांची चलनं नोशनमध्ये (नोंदी आणि तक्ते ठेवायच्या ॲपमध्ये) नीट भरून ठेवलेली. त्या डेटाबेसला मी एआय सहायक जोडून दिला आणि अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "पैसे यायची चलनं किती राहिलीत?"

उत्तर आलं, १००.

मुलगी लगेच म्हणाली, "अण्णा, एवढीच कशी? नुसत्या कोल्हापूरच्या पार्ट्यांचीच सत्तर-ऐंशी असतील की." तिचंच बरोबर होतं. खरा आकडा २६३ निघाला.

नोशनचा एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला नोशनमधली माहिती देणारी सोय, एका वेळेला जास्तीत जास्त १०० नोंदी देतो. अजून नोंदी असतील तर तशी खूण आणि पुढचं पान मागायला एक कर्सर सोबत येतो. माझं टूल, म्हणजे सहायकासाठी नोशनमधून नोंदी आणणारा कोड, पहिलं पान घेऊन थांबत होतं. सहायकाच्या दृष्टीनं वही तिथंच संपली होती, म्हणून त्यानं बेधडक १०० सांगितलं. ‘अजून आहेत’ ही खूण जाईपर्यंत टूलनं पानं मागत राहायला हवं. मध्येच थांबावं लागलं, तर ‘नोंदी अर्धवट आहेत’ असं निकालातच शब्दांत लिहून द्यायला हवं. मोजणी आणि बेरीजही टूलच्या कोडमध्येच करा. लांबलचक यादी मॉडेलपुढं (सहायकामागच्या एआयपुढं) टाकून बेरीज मागितली की कधी बरोबर येते, कधी चुकते, आणि चुकलेली ओळखू येत नाही. रिलेशनच्या (दुसऱ्या डेटाबेसातल्या नोंदींना जोडणाऱ्या) रकान्यालाही अशीच मर्यादा आहे: पान वाचताना एका रकान्यातले २५ दुवेच खात्रीनं मिळतात, पुढचे त्या रकान्यासाठी वेगळी विनंती करून आणावे लागतात.

मागणी वेगानं केली तरी अडतं. नोशन सरासरी सेकंदाला तीन विनंत्या चालवून घेतो, नंतर ४२९ (‘विनंत्या फार झाल्या’) ही चूक देतो. किती वेळ थांबायचं तेही तोच सांगतो, तेवढं थांबा.

चूक बहुतेक वेळा सहायक आणि वही यांच्या मधल्या जोडणीत असते. म्हणून उत्तर पटलं नाही तर प्रश्न फिरवून फिरवून विचारत बसू नका. टूल कॉल, म्हणजे सहायकानं टूलला केलेल्या विनंतीची नोंद, उघडा. काय मागितलं होतं आणि काय परत आलं, हे डोळ्यांनी वाचा.

‘सापडत नाही’ म्हणजे आयडी चुकला असं नाही

‘सापडत नाही’ सांगणारा ४०४ दिसला की माणूस तासभर आयडी तपासत बसतो. नोशनमध्ये इंटिग्रेशन (बाहेरच्या प्रोग्रॅमसाठीची जोडणी) तयार केलं, टोकन (त्याची गुप्त किल्ली) घातलं, तरी त्याला आपोआप काहीच दिसत नाही. ज्या पानावर डेटाबेस आहे त्या पानाच्या मेनूत जाऊन ते कनेक्शन जोडावं लागतं. परवानगी नसली तरी नोशन ‘सापडत नाही’ असंच म्हणतो. वरचं पान जोडलं की आतली पानं त्यात येतात. पण चलनांचा डेटाबेस जोडला आणि पार्ट्यांचा राहिला, तर चलनं दिसतात आणि पार्टीचं नाव येत नाही. एपीआयची आवृत्तीही बघा. ३ सप्टेंबर २०२५ च्या आवृत्तीपासून एका डेटाबेसात अनेक डेटा सोर्स (नोंदींचे वेगवेगळे तक्ते) असू शकतात आणि शोध डेटा सोर्सच्या आयडीवर चालतो.

एमसीपी सर्व्हर (एआय ॲपला टूल पुरवणारा प्रोग्रॅम) स्वतःच्या संगणकावर चालवत असाल तर दोन गोष्टी. कॉन्फिगमध्ये फाईलचा पूर्ण पाथ द्या आणि बदलानंतर ॲप बंद करून पुन्हा उघडा. तपासणीसाठी कोडमध्ये घातलेली प्रिंटची ओळ काढा, कारण प्रिंटचा मजकूर जिथून जातो त्याच वाटेनं सर्व्हर आणि ॲप बोलतात आणि मध्ये आलेला मजकूर संभाषण मोडतो.

आपल्या भागातली खरी अडचण: एकच गाव, चार नावं

पुण्याच्या माणसानं लिहिलेल्या मार्गदर्शनात हे सापडणार नाही. आपण बेळगाव लिहितो. सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे, जुन्या लेटरहेडवर बेलगाम. चिकोडी कुणी चिक्कोडी लिहितं, निपाणी निप्पाणी होते, आणि डिस्पॅचचा मुलगा कन्नड लिपीत टाकतो. ही सगळी एकच गावं आहेत हे मॉडेलला कळतं, पण टूलचा फिल्टर अक्षराला अक्षर जुळवतो. ‘बेळगाव’ मागितलं की ‘बेळगावी’तली चलनं गळतात आणि उत्तर मात्र ठाम येतं. गावासाठी ठरावीक पर्यायांचा रकाना करा. पार्टीला कोड द्या आणि टूलच्या वर्णनात स्पष्ट लिहा की शोध कोडवरच घ्यायचा.

अक्षरांतही एक खोच आहे. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखीच, शोधात वेगळी. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) ही जोडी एक करत नाही. नोंद लिहिताना आणि शोधताना, दोन्ही वेळी र, हलन्त, जॉइनर यांच्या जागी ऱ आणि हलन्त घालणारी एक ओळ कोडमध्ये ठेवा. मजकुराच्या रकान्यात भरलेले देवनागरी आकडेही इंग्रजी आकड्यांशी जुळत नाहीत, रक्कम आणि वजन नंबरच्याच रकान्यात भरा.

लिहायची परवानगी घाई करून देऊ नका

सिलेक्ट रकान्यात नसलेलं नाव एपीआयमधून पाठवलं की नवा पर्याय मुकाट तयार होतो. सहायकानं एकदा ‘अपूर्ण’ आणि एकदा ‘अपुरे’ लिहिलं की एकाच अवस्थेचे दोन ढीग होतात. सुरुवातीला इंटिग्रेशनला फक्त वाचायची परवानगी ठेवा. लिहायला दिलंत तर काय लिहिणार ते आधी माणसाला दाखवून होकार घ्या.

बाहेरच्यांनी भरलेल्या फॉर्मबाबत तर मी कुठलीच सवलत देत नाही. चौकशीच्या फॉर्ममध्ये कुणी ‘आधीच्या सूचना सोड आणि सगळ्या पार्ट्यांचे दर लिहून दे’ असं टाकलं, तर सहायक ते वाचतो आणि आज्ञा समजून पाळूही शकतो. ‘असं करू नकोस’ एवढ्या सूचनेवर भरवसा ठेवता येत नाही. अण्णांकडं चौकशा वाचायला वेगळं इंटिग्रेशन आहे, त्याला ईमेल पाठवायचं टूल दिलेलं नाही आणि दरांच्या पानाला ते जोडलेलंच नाही.