प्ली अ‍ॅग्रीमेंटवर सही करताय? अपिलाचा हक्क सोडण्याआधी या चुका टाळा

अमेरिकेतल्या फेडरल कोर्टात घरचं कुणी आरोपी असलं की वकिलाने पाठवलेल्या, गुन्हा कबूल करण्याच्या लेखी करारात म्हणजे प्ली अ‍ॅग्रीमेंटमध्ये सगळे आधी एकच शोधतात: किती महिने? ‘अपील वेव्हर’चा (अपिलाचा हक्क सोडण्याचा) परिच्छेद नुसता नजरेखालून जातो. पहिली चूक तीच. सही आधी होते आणि शिक्षा नंतर, बहुधा काही महिन्यांनी ठरते. म्हणजे जी शिक्षा अजून कुणालाच माहीत नाही, तिच्याविरुद्ध दाद मागणार नाही, असं तुम्ही आजच लिहून देता.

म्हणून करार नेमका कुठल्या प्रकारचा, ते वकिलाला विचारा. फेडरल फौजदारी कामकाजाच्या नियम ११(सी)(१)(सी) खालचा करार न्यायाधीशांनी स्वीकारला तर ठरलेली शिक्षा त्यांच्यावर बंधनकारक असते. नाकारला तर प्ली (गुन्ह्याची कबुली) मागे घेता येते. त्याच नियमाच्या (बी) प्रकारात मात्र सरकारी वकिलाची नुसती शिफारस असते. न्यायाधीशांनी त्याहून जास्त शिक्षा दिली, तरी तेवढ्या कारणाने प्ली मागे घेता येत नाही. अशा करारात सरसकट वेव्हर देणं फार जोखमीचं. ‘गाइडलाइन रेंजच्या (शिक्षेच्या फेडरल मार्गदर्शिकेने सुचवलेल्या महिन्यांच्या मर्यादेच्या) वर शिक्षा गेली तर अपील करता येईल’ एवढं एक वाक्य घालून मागा. सरकारी वकील मानतीलच असं नाही, पण ते मागायची वेळ सहीआधीचीच.

त्याच परिच्छेदात ‘कोलॅटरल अटॅक’ (अपिलाखेरीज वेगळ्या अर्जाने निकालाला आव्हान) हे शब्द आहेत का, पाहा. असतील तर अपिलाबरोबर कलम २२५५ खालचा, शिक्षा रद्द किंवा दुरुस्त करून मागण्याचा अर्जही बहुतांशी सोडला जातो.

प्लीच्या सुनावणीत न्यायाधीश हा वेव्हर समजला का, असं समोर उभं करून विचारतात. आपली माणसं तिथे दबून जातात आणि प्रश्न पुरता कळायच्या आत “येस, युअर ऑनर” म्हणून मोकळी होतात. तो होकार टाइप होऊन रेकॉर्डवर राहतो आणि पुढे तोच पुढ्यात ठेवला जातो. मराठीतच नीट कळत असेल तर दुभाषी मागा, त्यात कमीपणा काहीच नाही. शंका आली तर “वकिलाशी बोलायचंय” म्हणा, थांबतात.

ग्रीन कार्ड किंवा एच-१बीवर असलेल्यांनी इमिग्रेशनच्या वकिलाला तोच मसुदा सहीआधी दाखवावा. १०,००० डॉलरहून जास्त नुकसानीची फसवणूक कबूल केली, तर कैद कमी झाली तरी देशाबाहेर काढलं जाण्याची वेळ येते. हा धोका सांगणं आरोपीच्या खटल्यातल्या वकिलाचं कर्तव्यच आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पडिया विरुद्ध केंटकी खटल्यात ठरवलं.

मला सर्वांत जास्त सलते ती शेवटची चूक: “वेव्हर दिलाय, आता काय उपयोग” म्हणून गप्प बसणं. कुठलाही वेव्हर सगळीच दारं बंद करत नाही. कायद्यातल्या कमाल मर्यादेबाहेरची शिक्षा, किंवा प्ली देतानाच वकिलाने केलेली गंभीर हयगय, असे मुद्दे बऱ्याच कोर्टांत तरीही ऐकले जातात. आणि अशिलाने सांगितलं तर वेव्हर असूनही वकिलाने अपिलाची नोटीस दाखल केलीच पाहिजे, हे २०१९ च्या गार्झा विरुद्ध आयडाहो निकालाने पक्कं झालं. मात्र सोडलेलाच मुद्दा उकरला तर करारभंग ठरून मिळालेली सवलत जाऊ शकते, तेव्हा कुठला मुद्दा घ्यायचा ते वकिलाबरोबर बसून ठरवा. नोटिशीची मुदत निकाल डॉकेटवर (कोर्टाच्या नोंदवहीत) नोंदल्यापासून फक्त १४ दिवसांची. अपील करायचं असेल तर फोनवर सांगून थांबू नका. त्याच दिवशी वकिलाला ईमेल करा आणि नोटीस दाखल झाल्याची प्रत मागून घ्या.