दुसऱ्या दाराची चावी कुणाकडं आहे? कॉलेजात अचानक काही झालं तर काय करायचं

हॉस्टेलच्या रूमवर पेटी-गादी टाकली की घरी फोन करायच्या आधी एक काम करा, आपल्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारं लागतात ते भिंतीला हात लावत मोजा, म्हणजे लाईट गेलेली असली आणि धूर असला तरी हाताला कळंल. जिना एकच आहे का दोन तेपण बघा. दुसरा असला तर खालपर्यंत उतरून बघा, कारण बऱ्याच बिल्डिंगांत दुसरा जिना असतो पण खाली चॅनल गेट असतं आणि त्याला गंजलेलं कुलूप. चावी कुणाकडं आहे ते विचारा. "ऑफिसात असंल", "मामांकडं असंल" असं उत्तर आलं तर चावी नाहीच असं धरा आणि रेक्टर सरांना त्याच दिवशी सांगा. मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, एनएसएसचं कामही बघतो, आणि मला सगळ्यात जास्त भीती या कुलपाची वाटते.

लेडीज हॉस्टेलचं तर जास्तच. पोरींच्या सुरक्षेसाठी म्हणून रात्री बाहेरून कुलूप लावतात, चावी वॉचमनच्या खिशात, वॉचमन मेन गेटवर, आणि रात्री दोनला मीटरच्या पेटीतून धूर निघाला तर आतल्या सगळ्या लेकी त्या एका खिशाच्या भरवशावर. कुलूप लावायचंच असंल तर आतून लावा, एक चावी मॅडमकडं आणि एक दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यावर, सगळ्यांना दिसंल अशी. पालकांनो, ॲडमिशनच्या वेळी मेस कशी आहे, पाणी किती वाजता येतं हे विचारताच, तसंच हेही विचारा, उत्तर मिळंपर्यंत उठू नका.

२४ मे २०१९ ला सुरतमध्ये क्लासच्या बिल्डिंगला आग लागली आणि २२ लेकरं गेली. जिन्यानं खाली उतरता येईना म्हणून वरच्या मजल्यावरून पोरांनी उड्या मारल्या, ते व्हिडिओ आपण सगळ्यांनीच बघितलेत. लातूर, नांदेड, संभाजीनगरला पोरं ज्या क्लासेस आणि अभ्यासिकांत दिवसाचे दहा-बारा तास बसायलेत तिथले जिने एकदा डोळे उघडून बघा. तळघरात अभ्यासिका असंल तर पावसाळ्यात तिथं बसूच नका, २०२४ च्या जुलैत दिल्लीत असल्याच तळघरात पाणी शिरून तिघं विद्यार्थी गेले.

आग लागली तर काय करायचं ते थोडक्यात सांगतो. धूर वर चढतो म्हणून खाली वाकून, लागलं तर रांगत बाहेर पडा, तोंडावर ओलं फडकं. बंद दार उघडायच्या आधी तळहाताच्या मागच्या बाजूनं हात लावून बघा, गरम लागलं तर उघडू नका, खालच्या फटीत ओल्या चादरी कोंबा आणि खिडकीतून कपडा हलवून हाका मारा. लिफ्ट नाही. वायरिंगची आग असंल तर मेन स्विच पाडा, पाणी टाकू नका. भिंतीवरचं लाल सिलिंडर वापरायचं तर पिन ओढायची, नळी ज्वाळांवर न धरता आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि झाडून काढल्यासारखं इकडून तिकडं फिरवायचं, पाठ मात्र दाराकडंच ठेवायची. आणि सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते आजच बघून घ्या. कपडे पेटले तर पळायचं नाही, खाली पडून लोळायचं.

आता भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, ही वेळ आमच्याकडं कुणाला सांगावी लागत नाही. मी तेव्हा चौथीत होतो, गणपती विसर्जन करून उशिरा झोपलेलो, आईनं दंडाला धरून अंगणात ओढलं एवढंच आठवतं. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं बसली, जवळपास दहा हजार माणसं गेली, आणि भूकंप ६.२ चा होता म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपात तो मोडत नाही, माणसं मेली ती माळवदाखाली, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचं जड छत यामुळं. त्या आठवणीमुळं आमच्या लोकांच्या अंगात एकच गोष्ट बसली की हादरा बसला की बाहेर पळायचं. माळवदाच्या घरात ते बरोबरच होतं. पण चार मजली आरसीसी बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गातून साठ पोरं एकदम जिन्याकडं पळाली तर भूकंपापेक्षा जिन्यातच जास्त हातपाय मोडतील. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि परत १० जुलैला सकाळी सकाळी हिंगोली भागात ४.५ चे धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत जाणवले, दोन्ही वेळा कॉलेज भरलेलं नव्हतं. भर तासाला बसला असता तर काय झालं असतं हे माझ्या मनातून जात नाही.

तर वरच्या मजल्यावर असाल तेव्हा हादरे चालू असताना बेंचखाली शिरायचं, एका हातानं डोकं-मान झाकायची, दुसऱ्यानं बेंचचा पाय घट्ट धरायचा. खिडक्या, कपाटं, पंख्याच्या बरोबर खालची जागा सोडायची. तळमजल्यावर दाराजवळच असाल आणि दोन पावलांत मोकळं मैदान असंल तर बाहेर जा. हलायचं थांबलं की मग रांगेनं, भिंतीच्या कडेनं खाली उतरा आणि मैदानाच्या मधोमध थांबा, पाण्याच्या टाकीखाली नाही, कंपाउंडच्या भिंतीला टेकून नाही. पुस्तक-मोबाईल आणायला परत वर जायचं नाही, मागून आणखी धक्के येतात.

लॅबचं मी जरा सविस्तर सांगणार, माझं रोजचं काम तेच आहे. ॲसिड अंगावर उडालं तर इलाज एकच, वाहतं पाणी, १५ ते २० मिनिटं, घड्याळ बघून. सोडा चोळायचा नाही, टूथपेस्ट, हळद काही नाही. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून नाकाकडून कानाकडं पाणी सोडत राहायचं आणि मग दवाखाना. हे सगळ्या पुस्तकांत असतं, पण पुस्तकात धरून चालतात की नळाला पाणी आहे. आमच्याकडं २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, उन्हाळ्यात कॉलेजची टाकी दुपारपर्यंत रिकामी होते. दोन उन्हाळ्यांमागं प्रॅक्टिकल चालू असताना एका पोरीच्या मनगटावर सल्फ्युरिक उडालं, तिनं नळ सोडला, नळातनं नुसती हवा आली. कोपऱ्यात भरून ठेवलेला ड्रम होता म्हणून निभावलं, आम्ही मगानं एकसारखं पाणी ओतत राहिलो, आता तिच्या हातावर फिकट डाग आहे तेवढाच. तेव्हापासून माझा नियम आहे, झाकणाचा ड्रम भरलेला नसंल तर प्रॅक्टिकल होत नाही, वेळापत्रक काहीही असू द्या. पोरांनो, तुमच्या लॅबमध्ये आत गेल्या गेल्या पहिला नळ सोडून बघा, पाणी नसंल तर सरांना सांगा, आणि ॲसिड नेहमी पाण्यात हळूहळू टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी ओतलं तर उसळून तोंडावर येतं. मोकळे केस बांधा, ओढणी मागं खोचा, चपला नकोत, बूट घाला.

साप. आपली बहुतेक कॉलेजं गावाबाहेर, मागं शेत, कडंला गवत, पावसाळ्यात साप निघणारच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी, आणि सरकारी दवाखान्यात मिळणारी लस या चारींवर चालते. यातल्या मण्यारची मला सगळ्यात जास्त काळजी, ती रात्री फिरते, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला चावते आणि दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोट दुखायला लागतं, पापण्या खाली पडतात, बोलणं जड होतं आणि पोरं म्हणतात मेसचं जेवण बाधलं. हॉस्टेलात कुणाच्या पापण्या अशा पडायला लागल्या तर गोळी देऊन झोपवू नका, लगेच दवाखाना. खाली झोपायचंच असंल तर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा, रात्री बाथरूमला जाताना बॅटरी लावा.

साप चावला की माणसाला चालू द्यायचं नाही, धीर द्यायचा, अंगठी-घड्याळ-पैंजण काढायचे, हातपाय मोडल्यावर बांधतात तसा पट्टीला सैल बांधून स्थिर ठेवायचा. दोरीनं आवळायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, देवळात किंवा मंत्र टाकणाऱ्याकडं नेऊन एक मिनिटही घालवायचं नाही. सापाच्या मागं काठी घेऊन जाऊ नका, लांबून फोटो निघाला तर ठीक. गाडी निघाली की एकानं ग्रामीण रुग्णालयात फोन लावून लस शिल्लक आहे का विचारायचं, नसंल तर वाटेतच जिल्ह्याच्या दवाखान्याकडं वळायचं. यात अर्धा तास वाचतो.

वीज आमच्याकडं एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात माणसं घेऊन जाते, आणि याच दिवसांत मैदानावर भरतीची प्रॅक्टिस चालू असते. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते, तेवढ्यावरच मैदान सोडा, पाऊस सुरू व्हायची वाट बघू नका. लिंबाखाली थांबायचं नाही, पत्र्याच्या पार्किंग शेडमध्येही नाही, पक्क्या बिल्डिंगमध्ये किंवा काचा लावलेल्या गाडीत बसा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप फोनात टाकून ठेवा, फुकट आहे. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो ही समजूत चूक आहे, त्याच्या अंगात करंट राहत नाही. श्वास थांबला असंल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, गाडी येईपर्यंत आलटून पालटून. वीज पडलेली माणसं यानं वाचतात.

आता फोन. ॲम्ब्युलन्सला १०८, बाकी कशालाही ११२. पण एक लक्षात घ्या, १०८ चा फोन पुण्यात उचलला जातो आणि ११२ चा नवी मुंबई किंवा नागपूरला, तिथल्या ताईला तुमचा "नाका" किंवा "पाटी" माहीत नसते. म्हणून जिल्हा, तालुका, गाव, कोणत्या रोडवर, कोणत्या मोठ्या खुणेपासून किती किलोमीटर, कोणतं गेट, या क्रमानं सांगा. नंतर काय झालंय, किती जण आहेत, आणि तुमचा नंबर. समोरून ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका. हा पत्ता कागदावर लिहून प्रत्येक मजल्यावर चिकटवा, कारण घाबरलेल्या पोराला स्वतःच्या कॉलेजचा पत्ता सांगता येत नाही, हे मी डोळ्यानं बघितलंय. दोन पोरं लगेच गेटवर पाठवा आणि गेटसमोरच्या मोटारसायकली काढायला लावा.

कुणी छेड काढत असंल, पाठलाग करत असंल तर ११२ किंवा १०९१. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडं तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पोलीस स्टेशन "आमच्या हद्दीत नाही" म्हणालं तरी झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. रॅगिंगला महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, १८००-१८०-५५२२ या नंबरवर रात्रीही बोलता येतं. आणि रिझल्टच्या दिवसांत रूममेट गप्प गप्प झाला, वस्तू वाटून टाकायला लागला, "आता काय राहिलंय" असं बोलायला लागला तर त्याला एकटं सोडू नका, सरळ विचारा जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का, विचारल्यानं असं काही डोक्यात शिरत नाही. १४४१६ या सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर मराठीत, फुकट, चोवीस तास बोलता येतं, त्याच्याशेजारी बसून तुम्हीच लावा.

आमच्याकडं पहिल्यांदा घंटा देऊन बिल्डिंग रिकामी करायचा सराव घेतला तेव्हा शेवटचं पोरगं मैदानात यायला अकरा मिनिटं लागली. सगळे मेन जिन्यानंच आले, दुसरा कुणाला आठवलाच नाही, आणि खाली पार्किंगमध्ये अडकले. महिन्यानं परत घेतला, मधल्या काळात दुसऱ्या जिन्याचं कुलूप काढलं, वर्गवार जिने वाटून दिले, चालायला त्रास असलेल्या दोन पोरांना प्रत्येकी दोन जोडीदार ठरवून दिले, मैदानात हजेरी घ्यायला वर्गाचं रजिस्टर सोबत आणायला लावलं, तेव्हा साडेचार मिनिटं लागली. या सत्रात पेपर चालू असतानाच न सांगता घेणार आहे, प्राचार्यांनी परवानगी दिलीय.