दिल्लीला निघण्यापूर्वी: आधी वार, मग ठिकाणं

बॅग नंतर भरा, आधी कॅलेंडर काढा. दिल्लीत सोमवारी लाल किल्ला बंद, अक्षरधाम बंद, लोटस टेंपल बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद आणि तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालयही बंद. शनिवार-रविवारला सोमवारची रजा जोडून येणाऱ्यांचा एक अख्खा दिवस इथेच कापला जातो. म्हणून कागदावर सोमवार लिहा आणि त्यासमोर कुतुबमिनार, हुमायूनची कबर, जंतरमंतर, लोदी गार्डन ही नावं टाका. ही ठिकाणं सोमवारीही उघडी असतात. आग्र्याचा बेत असेल तर शुक्रवारवर फुली मारा, कारण त्या दिवशी ताजमहाल बंद असतो आणि निजामुद्दीनहून सुटणारी गतिमान एक्सप्रेसही धावत नाही.

वार जमले की महिना पाहा. आपल्या तिन्ही मोठ्या सुट्ट्या दिल्लीला नेमक्या नको त्या वेळी येतात. दिवाळीत हवा वाईट. घरात कुणाला दमा असेल तर तेव्हाचा बेत सरळ पुढे ढकला, मास्कवर भागवू नका. नाताळात धुकं. मे महिन्यात तर दुपारी किल्ला पाहणं ही शिक्षाच. मुलांची शाळा बुडवायची तयारी असेल तर फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत जा. राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यानही साधारण तेव्हाच लोकांसाठी उघडतं. त्याची नोंदणी ऑनलाइन होते, पैसे पडत नाहीत. राष्ट्रपती भवन आतून पाहायचं तर त्याची वेळही आधीच घ्यावी लागते. दारावर जाऊन विनवण्या करून काही होत नाही. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास जाणार असाल तर लाल किल्ला काही दिवस आधीपासूनच बंद असू शकतो, हे लक्षात ठेवा.

डिसेंबर-जानेवारीतच जायचं ठरलं, तर मुंबईच्या कपाटातला तो एकुलता एक स्वेटर पुरणार नाही. थर्मल, कानटोपी आणि बंद बूट घ्या. गाड्या धुक्यात तासन्‌तास उशिरा धावतात, त्यामुळे पोहोचण्याच्या दिवशी एकही बुकिंग ठेवू नका. तिकिटावर स्टेशनचं नावही नीट वाचा. मुंबई सेंट्रलहून सुटणारी मुंबई राजधानी नवी दिल्लीला जाते, ऑगस्ट क्रांती आणि पुण्याची दुरांतो हजरत निजामुद्दीनला. हॉटेल निवडताना ते मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे का, एवढं पाहिलंत तरी निम्मी डोकेदुखी जाते. लाल किल्ला, जामा मशीद, चांदणी चौक, कुतुबमिनार या सगळ्या नावांची स्टेशनं आहेत. कुतुबमिनारच्या स्टेशनावरून मात्र पुढे ऑटो करावी लागते.

रोजच्या पिशवीत कमीत कमी सामान हवं, कारण मेट्रोत, किल्ल्यात, मंदिरात सगळीकडे ती तपासली जाते. अक्षरधाममध्ये मोबाइल, कॅमेरा, पिशवी सगळं बाहेर ठेवावं लागतं; घरच्यांनी आत शिरण्याआधीच भेटायची जागा आणि वेळ ठरवून घ्यावी. प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ असू द्या. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, म्हणून त्यांच्या वयाचा पुरावाही ठेवा. बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात डोकं झाकायला मोठा रुमाल किंवा ओढणी घ्या. जामा मशिदीसाठी जुने मोजे घ्या. चप्पल काढल्यावर उन्हात तापलेल्या दगडी अंगणातून चालायचं असतं.

लाल किल्ल्याला मात्र अर्धा दिवस द्या आणि जाण्याआधी थोडं वाचून जा. छत्ता चौकातल्या दुकानांपुढे फोटो काढून परतणारे बरेच दिसतात. तुम्ही आत दिवाण-ए-खासपर्यंत, म्हणजे बादशहाच्या खास दरबाराच्या दालनापर्यंत जा आणि मान वर करा. तिथल्या छताची चांदी १७६० मध्ये, पानिपतच्या आधी, सदाशिवरावभाऊंनी लष्कराच्या खर्चासाठी उतरवून वितळवली. मयूरासन त्याआधीच, १७३९ मध्ये, नादिरशहाने नेलं होतं. पानिपतानंतर दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली आणि महादजी शिंद्यांच्या पाठबळावर मुघल बादशहा शाहआलम १७७२ मध्ये दिल्लीला परतला. १८५७ नंतर बहादूरशहा जफरवर खटला चालला तोही याच दालनात. हे माहीत नसेल तर समोर नुसता संगमरवर दिसतो. गाइड घेणार असाल तर त्याला मराठ्यांबद्दल आधीच विचारा. बहुतेकांची गोष्ट शहाजहानपाशीच संपते.

सहलीच्या ठरलेल्या यादीत सहसा नसणारं एक ठिकाण स्वतः लिहून घ्या: २६, अलीपूर रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ६ डिसेंबर १९५६ रोजी इथेच निधन झालं. उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचं आजचं स्मारक २०१८ मध्ये खुलं झालं. सिव्हिल लाइन्स मेट्रोवरून जाता येतं. इंडिया गेटला नुसती संध्याकाळची चक्कर मारू नका, शेजारचं राष्ट्रीय युद्धस्मारकही पाहा. चक्रव्यूहासारख्या रचनेतल्या भिंतींवर शहीद जवानांची नावं कोरलेली आहेत. संसदेच्या गॅलरीचा पास हवा असेल तर आपल्या खासदारांच्या कार्यालयाशी अधिवेशनाच्या तारखा पाहून आधी बोला. आदल्या रात्री फोन करून तो मिळत नाही.

खरेदीबद्दल एवढंच, की सरोजिनी नगरला शनिवार-रविवारी जाऊ नका. खाण्याची यादी करायची गरजच नाही. चौथ्या दिवशी पनीर पाहून कंटाळा आला, तर कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे.

एक दिवस शिल्लक असेल तर पानिपत. साधारण ९० किलोमीटर, जाऊन-येऊन एका दिवसात होतं. गाडी ठरवताना चालकाला ‘काला आम’ स्मारक (पानिपतच्या लढाईचं) असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो शहरातल्या बाजारात नेऊन उभा करेल. टोपी आणि पाणी घ्या, सकाळी लवकर निघा. परतताना दिल्लीच्या वेशीवर गर्दीत अडकायला होतं, त्यामुळे घरी जाण्याचं विमान त्याच संध्याकाळचं ठेवू नका.