खाऱ्या वाऱ्यावरचा जुना सीबी रेडिओ पुन्हा बोलता करताना

माझे थोरले काका मालवाहू बोटीवर नोकरीला होते. 1976 च्या अखेरीस त्यांची बोट ह्यूस्टनला लागली, तेव्हा तिथल्या दुकानांत 23 चॅनलांचे सीबी रेडिओ, म्हणजे सामान्य लोकांना जवळपास आपसांत बोलण्यासाठी असलेले ‘सिटिझन्स बँड’चे संच, पडत्या भावात विकले जात होते, कारण 1 जानेवारी 1977 पासून अमेरिकेत 40 चॅनल खुले व्हायचे होते आणि दुकानदारांना जुना माल काढून टाकायचा होता. काकांनी घेतलेला संच पुढे कित्येक वर्षे तिकडच्या नातेवाइकांच्या घरी पडून होता. तो हर्णैला आमच्या घरी पोचला, तोवर काका थकले होते. तरीही गोदीतून गावात नेणाऱ्या ट्रकवाल्याने आपल्या हाती माइक कसा दिला आणि टोपणनाव विचारल्यावर आपण ‘हर्णै’ असे कसे सांगितले, हे ते दरवेळी तेवढ्याच आनंदाने सांगत. 1973 च्या तेलटंचाईनंतर आणि ताशी 55 मैलांच्या वेगमर्यादेनंतर अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांनी हा रेडिओ घरोघरी पोचवला. त्या काळाचा ओलावा मनात असलेले बोटीवरचे लोक दाभोळपासून वेंगुर्ल्यापर्यंत आजही भेटतात, आणि त्यांच्या ट्रंकांतून असे संच अधूनमधून बाहेर निघतात. तसा एखादा संच आपल्या हाती आला असेल, तर तो कपाटात शोभेला न ठेवता चालता करावा, असे मला मनापासून वाटते, आणि त्याची रीत येथे सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, संच हाती आल्या आल्या त्याला वीज देऊ नये. चाळीस-पन्नास वर्षे बंद असलेल्या संचाचे जे नुकसान काळाने केलेले नसते, ते उतावळेपणा एका क्षणात करतो. आधी वरखालची झाकणे काढून, संच उजेडात धरून नुसता पाहावा. आपल्याकडे वयापेक्षा खारट दमट हवेने संच अधिक बिघडतात. पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक जोडांवर चढलेला असतो, स्क्रूंच्या खाली गंजाची तांबूस वर्तुळे उमटलेली असतात, आणि सर्किटच्या पाटीवर बोट फिरवले तर किंचित चिकट लागते. ते चिकट म्हणजे हवेतले मीठ. ते दमटपणा ओढून घेते आणि पाटीवरच्या दोन रेघांमध्ये नको तिथे वाट तयार करते. पुष्कळ जण ते थेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात आणि फसतात, कारण मीठ अल्कोहोलात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून मऊ ब्रश गॅरेजमध्ये मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात अगदी थोडा ओला करून आधी मीठ उचलावे, आणि त्यानंतर अल्कोहोलने ओल काढावी. मीटर, स्पीकर आणि पत्र्याच्या डब्यांतल्या कॉइल यांना पाणी लागू देऊ नये. मग संच दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्याशी ठेवावा. कडक उन्हात ठेवला तर जुने प्लॅस्टिक वाकडे होते.

याच वेळी एक मोह आवरावा लागतो. पत्र्याच्या डब्यांच्या डोक्याशी कॉइलचे फेराइटचे गाभे दिसतात आणि त्यांना पेचकसाची खाच असते. ते फिरवू नयेत. माझ्या पहिल्या संचात असा एक गाभा मी हलक्या हाताने फिरवायला गेलो आणि तो कट्‌कन दुभंगला. तो काढून दुसरा बसवायला मला सबंध पावसाळा लागला. कारखान्यात लावलेले ट्यूनिंग इतक्या वर्षांनीही बहुधा जागेवर असते, आणि आवाज बसला असेल तर दोष जवळजवळ नेहमी दुसरीकडे निघतो.

वीज देण्यापूर्वी मल्टिमीटरने विजेच्या दोन तारांमधला रोध मोजावा. या संचांत उलट जोडणीपासून बचावासाठी आत एक डायोड असतो. कोणी तारा उलट जोडल्या की तो शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो, आणि बरेचदा तो स्वतःही कायमचा शॉर्ट होऊन बसतो. रोध शून्याजवळ दिसला तर आधी त्याच्यावर संशय घ्यावा. तो बदलायला फार खर्च येत नाही. फ्यूजच्या जागी कोणी तांब्याची तार गुंडाळलेली असेल, तर ती तत्काळ काढून योग्य फ्यूज बसवावा. पुरवठा 13.8 व्होल्टचा, तीन ते पाच अँपियर देणारा आणि स्थिर असावा. गाडीची बारा व्होल्टची बॅटरीही उत्तम चालते, आणि आपल्याकडच्या खंडित विजेला तोच सोयीचा उपाय आहे. पहिल्यांदा संच चालू करताना पुरवठ्याच्या वाटेत गाडीचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब जोडावा. बल्ब भगभगीत पेटला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंद झाला किंवा विझला तर पुढे जायला हरकत नाही.

यानंतर संच मुका राहिला तर निराश होऊ नये, आधी माइक जोडला आहे की नाही ते पाहावे. अनेक जुन्या संचांत स्पीकरची वाट माइकच्या बटणातून जाते, त्यामुळे माइक नसेल किंवा त्याचे टोक कळकलेले असेल, तर ऐकूही येत नाही. निकामी म्हणून टाकून दिलेले दोन संच मी केवळ माइकच्या पिना घासून चालू केलेले आहेत. माइकची गुंडाळलेली वायर कडक होऊन तडकलेली असेल तर ती बदलावी, पण चार पिनांची जोडणी प्रत्येक कंपनीची निराळी असल्याने सर्किटचा आराखडा हाताशी असल्याखेरीज दुसरा माइक लावू नये.

आता चॅनलचे बटण. जुन्या संचाचा सगळा जीव माझ्या मते या बटणात आहे. ते फिरवताना बोटांना लागणारा टक्-टक् ठोका आजच्या कुठल्याही डिजिटल संचात नाही. त्यामागची रचना समजून घेतली तर दुरुस्तीचे अर्धे काम होते. 23 चॅनलांच्या बहुतेक संचांत प्रत्येक चॅनलाला वेगळा क्रिस्टल, म्हणजे ठरावीक वारंवारता देणारा स्फटिक, नसतो. सहा क्रिस्टलांचा एक गट असतो, त्याच्या जोडीला ऐकण्यासाठी चार आणि बोलण्यासाठी चार असतात, आणि अशा चौदांच्या मिश्रणातून सगळी चॅनल तयार होतात. म्हणून बिघाडाची नक्षी पाहावी. पाच ते आठ अशी ओळीने चारच चॅनल बंद असतील आणि तीही ऐकण्याबोलण्यात दोन्हीकडे, तर दोष सहांच्या गटातल्या एका क्रिस्टलच्या वाटेवर आहे. 1, 5, 9, 13, 17, 21 अशी दर चौथी चॅनल बंद असतील, तर दोष चारांच्या गटात शोधावा. ऐकू येत असून बोलता येत नसेल तर बोलण्याच्या चारांत, आणि उलट असेल तर ऐकण्याच्या चारांत. मात्र क्रिस्टल मेला असे ठरवण्याआधी बटणामागचे स्विचचे पान तपासावे, कारण समुद्राकाठी पहिला बळी त्या पानाचाच जातो. रुपेरी संपर्कांवर काळी पुटे चढलेली असतात. त्यावर इलेक्ट्रॉनिक कामासाठी बनवलेला कॉन्टॅक्ट क्लीनर एकदाच, थोडासा मारावा आणि बटण वीस-पंचवीस वेळा दोन्ही दिशांना फिरवावे. गंज सोडवायचे तेलकट फवारे वापरू नयेत, कारण त्यांवर पुन्हा मीठ आणि धूळ बसते. आवाजाच्या आणि स्क्वेल्चच्या (कोणी बोलत नसताना खरखर दाबणाऱ्या) बटणांची खरखरही याच उपायाने जाते.

कपॅसिटरांविषयी जाणकारांत दोन मते आहेत. काही जण सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सरसकट बदलतात. मी तसे करत नाही. जो फुगला आहे, ज्याच्या बुडाशी ओल आली आहे किंवा ज्याच्यामुळे आवाजात गुणगुण येते, तोच बदलावा आणि बाकीचे राहू द्यावेत. 16 व्होल्टचा असेल तिथे तेवढ्याच मायक्रोफॅरडचा 25 व्होल्टचा चालतो. धन-ऋण बाजू मात्र दोनदा तपासून मगच सोल्डर करावे. काढलेला प्रत्येक भाग कागदी पुडीत घालून, वर तारीख लिहून, संचाबरोबर ठेवावा. पुढे संच ज्याच्या हाती जाईल, त्याला तो मूळ कसा होता हे त्यातून कळेल.

बोलण्याचे बटण अँटेनाशिवाय कधीही दाबू नये, त्याने शेवटचा ट्रान्झिस्टर जळतो. चाचणीसाठी 50 ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायचा रोध, घ्यावा. घरी करायचा तर 100 ओहम, 5 वॅटचे दोन मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडावेत. तार गुंडाळलेले रेझिस्टर या कामाला चालत नाहीत. चांगला एएम संच चार वॅटच्या आसपास शक्ती दाखवतो, आणि साडेतीन मिळाली तरी समाधान मानावे.

कायद्याची बाजूही येथेच सांगतो. भारतात 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा पट्टा 2005 च्या नियमांनी पाच वॅटपर्यंत परवानामुक्त केला आहे. अमेरिकी संचाचे पहिले चॅनल 26.965 वर आणि तेविसावे 27.255 वर येते, म्हणजे 23 चॅनलांचा जुना संच पूर्णपणे या पट्ट्यात बसतो. 40 चॅनलांच्या संचातली 28 पासूनची चॅनल मात्र बाहेर जातात, ती वापरू नयेत. नियमांतल्या अँटेनाविषयीच्या आणि संचाच्या मान्यतेविषयीच्या अटी मुळातून वाचून, आपला संच त्यांत बसतो याची खात्री करावी, आणि तोवर तो ऐकण्यापुरताच वापरावा. अमेरिकेत नववे चॅनल आणीबाणीचे मानले जाते, म्हणून समुद्रात तो संच कामी येईल असे मात्र कोणी समजू नये. मच्छीमार नौकांचा आधार सागरी व्हीएचएफचे सोळावे चॅनल आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक हाच आहे.

अँटेनासाठी सर्वांत सोपा डायपोल. दोन्ही बाजूंना सुमारे 2.6 मीटरची तांब्याची प्लॅस्टिकवेष्टित तार घ्यावी आणि मधोमध 50 ओहमची कोअक्स (मधल्या तारेभोवती जाळी असलेली) केबल जोडावी. उभारायला माणगा बांबू उत्तम, कारण तो सरळ असतो आणि वाऱ्यात लवतो पण मोडत नाही. माडाच्या झावळ्यांत तार अडकवू नये, कारण पावसात भिजलेल्या झावळ्या तिचे ट्यूनिंग बिघडवतात. आणि विजेच्या तारांपासून अँटेना पडली तरी पोचणार नाही इतकी दूर ठेवावी. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणारा मीटरवरचा आकडा) पहिल्या चॅनलावर कमी आणि तेविसाव्यावर जास्त दिसला, तर तार लांब आहे. दोन्ही बाजूंनी एक-एक सेंटिमीटर कापत यावे. दीडच्या खाली आला की थांबावे. जोडावर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप आणि तिच्यावर पीव्हीसी टेप गुंडाळावी, आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पागोळीचे पाणी तिथूनच गळून जाते. दरवर्षी हा जोड उघडून पाहावा. आतली तांब्याची जाळी काळी पडली असेल तर उजळ तांबे लागेपर्यंत केबल छाटावी.

वळवाचे ढग दिसू लागले की अँटेनाची केबल संचातून काढून खिडकीबाहेर ठेवावी. वीज कडाडल्यावर ती काढायला धावू नये. पावसाळ्यात संच घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या कढईत मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा घालाव्यात. आमच्याकडे तो खंडेनवमीला बाहेर निघतो. हत्यारांबरोबर त्यालाही झेंडूचे फूल वाहिले जाते, आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी जोडण्यापूर्वी मी चॅनलचे बटण पंचवीस वेळा फिरवून घेतो, मग मीटरमधला दिवा लागण्याची वाट पाहतो.